रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना नैराश्याचे औषध घ्यावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्तीच्या आई ६६ वर्षांच्या आहेत. लहानपणच्या संधिज्वराने खराब झालेली हृदयातली मायट्रल झडप काढून त्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे आणि तेव्हापासून ॲसिट्रॉम (रक्त पातळ करणारी) व इकोस्प्रिन ७५ (ॲस्पिरिन) या गोळ्या चालू आहेत. पती गेल्यापासून त्यांचे खाणे, झोप, बोलणे सगळेच कमी झाले, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ५ मि.ग्रॅ. लिहून दिले. घरातल्या कुणीतरी मोबाइलवर वाचले की ही दोन औषधे एकत्र घेतल्यास रक्तस्राव होतो, त्यामुळे ती गोळी आठवडाभर तशीच पडून आहे. ‘दोन्हींपैकी कोणती बंद करावी?’ असे त्या विचारतात. प्रश्नाच्या शेवटी जाता जाता आणखी एक ओळ आहे: गुडघे दुखले की आई मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेतात. ती ओळ मला बाकी सगळ्या प्रश्नापेक्षा जास्त काळजीची वाटली. तिच्याकडे पुढे येते.

आधी स्पष्ट सांगते की तुमच्या आईंना मी तपासलेले नाही. त्यांचे आयएनआरचे (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीचे; आकडा जेवढा मोठा तेवढे रक्त पातळ) जुने आकडे, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचे काम आणि पूर्वी कधी अल्सर किंवा रक्तस्राव झाला होता का, हे मला माहीत नाही. अंतिम निर्णय या चार गोष्टींवर ठरतो. मी फिजिशियन आहे, आणि झडप बदललेले पुष्कळ रुग्ण माझ्याकडे आयएनआरच्या वह्या घेऊन येतात. त्या अनुभवावरून विचार कसा करायचा एवढे मी सांगू शकते.

ॲसिट्रॉम स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही. झडप त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली असो की परदेशी बनावटीची, धातूच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका आयुष्यभर राहतो आणि मायट्रल जागी तो अधिक असतो, कारण तिथे रक्ताचा वेग कमी असतो. गुठळी झाली तर झडप अडकते किंवा गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. दुसरीकडे, नैराश्यावर उपचार न करणे हाही सुरक्षित मार्ग नव्हे. नैराश्यात गेलेला माणूस गोळ्या चुकवतो, एखाद्या दिवशी दोनदा घेतो, तपासणीला जाण्याचे टाळतो आणि जेवत नाही. या प्रत्येक गोष्टीने आयएनआर हलतो. म्हणून एक गोळी निवडून दुसरी सोडण्याचा हा प्रसंगच नाही. दोन्ही घेताना लक्ष कुणी, कशावर आणि किती दिवस ठेवायचे, हे ठरवायचे आहे.

रक्तस्राव वाढण्याची कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. बहुतेक गोंधळ ती एकत्र केल्यामुळे होतो.

पहिले कारण यकृतातले. ॲसिट्रॉम म्हणजे असेनोकुमारॉल आणि त्याचे भावंड वॉरफरिन. या दोन्हींचा निचरा यकृतातील मुख्यतः सीवायपी२सी९ या विकराकडून (एन्झाइमकडून) होतो. नैराश्यावरची काही औषधे हा विकर किंवा त्याच्या जोडीचे विकर मंदावतात, त्यामुळे गोळीचा डोस तोच राहूनही तिचा परिणाम वाढतो आणि आयएनआर वर जातो. फ्लुव्होक्सामिन आणि फ्लुओक्सेटिन ही यातली त्रासदायक नावे आहेत. फ्लुओक्सेटिनचे तर विशेष म्हणजे ते आणि त्यातून शरीरात तयार होणारा पदार्थ आठवडेच्या आठवडे रेंगाळतात. औषध बंद केल्यावरही आयएनआर सावकाश सरकत राहतो आणि घरच्यांना त्याचे कारण उमगत नाही. एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम आणि सर्ट्रालिन यांचा या विकरावरील परिणाम किरकोळ आहे. तुमच्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम निवडले, त्यामागे हा विचार असावा असे मला वाटते.

दुसरे कारण प्लेटलेटमधले, म्हणजे रक्त थांबवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या सूक्ष्म कणांमधले, आणि हे फारसे कुणी समजावून सांगत नाही. सेरोटोनिन म्हटले की लोकांना मेंदू आठवतो, पण १९४८ मध्ये ते प्रथम वेगळे करण्यात आले ते रक्तद्रवातून. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन आतड्यात तयार होते. प्लेटलेट स्वतः ते बनवू शकत नाहीत. त्या ते रक्तातून उचलून साठवून ठेवतात आणि रक्तवाहिनीला इजा झाली की बाहेर सोडून आजूबाजूच्या प्लेटलेटना गोळा करतात. पाटाचा बांध फुटला की आधी हाताला लागेल ती ढेकळे आणि पाला टाकून भगदाड बुजवतात, पक्के बांधकाम नंतर होते. प्लेटलेटचे काम त्या पहिल्या बुजवणीचे आणि ॲसिट्रॉम रक्त गोठवणाऱ्या ज्या घटकांना अडवते त्यांचे काम नंतरच्या बांधकामाचे. एसएसआरआय गटातील औषधे (एस्सिटालोप्राम याच गटातले) मेंदूतल्या पेशींवरचे सेरोटोनिन उचलणारे जे दार बंद करतात, नेमके तेच दार प्लेटलेटवरही असते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत प्लेटलेटमधला साठा घटत जातो आणि ती पहिली बुजवणी थोडी ढिली पडते.

याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. हा दुसरा परिणाम आयएनआरमध्ये दिसत नाही. प्लेटलेटची संख्याही नेहमीसारखीच येते, कारण संख्या कमी झालेली नसते, कामाची धार कमी झालेली असते. ‘आयएनआर तीन आहे, म्हणजे काळजी नाही’ हे वाक्य मी दवाखान्यात वारंवार ऐकते. एसएसआरआय चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते अर्धेच खरे असते. आयएनआर बरोबर असूनही हिरड्यांतून रक्त येऊ शकते, अंगावर काळेनिळे डाग उठू शकतात आणि पोटात हळूहळू रक्त जाऊ शकते. म्हणून मी अशा रुग्णांचे हिमोग्लोबिन औषध सुरू करण्याआधी आणि साधारण महिन्याभराने पाहते. हिमोग्लोबिन एखाद-दीड अंकाने उतरले असेल, तर तक्रार काही नसली तरी पोटाची चौकशी करावी लागते.

आता धोका किती, हे. कॅलिफोर्नियात हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याचे कोणतेही औषध चालू नसलेल्या काळात दर १०० रुग्णांमागे वर्षाला १.३५ मोठे रक्तस्राव होत होते आणि एसएसआरआय चालू असताना २.३२. २०२४ मध्ये ब्रिटनमधील रुग्णांवरचा बराच मोठा अभ्यास आला. त्यात रक्त पातळ करणाऱ्या औषधाला एसएसआरआयची जोड मिळाल्यावर मोठ्या रक्तस्रावाचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने वाढलेला दिसला आणि पहिल्या ३० दिवसांत ही वाढ सर्वाधिक, म्हणजे सुमारे पाऊणपट होती. म्हणजे धोका खरा आहे, मोजण्याइतका आहे, पण मोबाइलवरचे वाक्य वाचून मनात जे चित्र उभे राहते तेवढा नाही. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा: हे दोन्ही अभ्यास अनियमित ठोक्यांच्या रुग्णांचे आहेत आणि त्यांतल्या वॉरफरिन घेणाऱ्यांचा आयएनआर साधारण २ ते ३ ठेवतात. धातूची मायट्रल झडप असलेल्यांचा आयएनआर २.५ ते ३.५ ठेवावा लागतो आणि तुमच्या आईंना वर इकोस्प्रिनही आहे. त्यामुळे त्यांचा मूळ धोकाच थोडा जास्त आहे, हे मान्य करून पुढे जायचे.

पहिल्या महिन्यात लक्ष जास्त ठेवायचे ते या कारणांनी. माझी पद्धत अशी: गोळी सुरू करण्याआधी एक आयएनआर काढायचा, तो वरच्या मर्यादेपलीकडे असेल, तर आधी ॲसिट्रॉमचा डोस जुळवायचा आणि मगच नवी गोळी सुरू करायची. त्यानंतर आठवड्याने एक, आणखी दोन आठवड्यांनी एक, आणि एस्सिटालोप्राम ५ वरून १० केले की पुन्हा आठवड्याने एक. आकडे स्थिर राहिले तर नेहमीच्या महिन्याच्या वेळापत्रकावर परत. फ्लुओक्सेटिन किंवा फ्लुव्होक्सामिन असते, तर मी याहून लवकर आणि जास्त वेळा तपासणी सांगितली असती. खरे तर ती औषधेच टाळून दुसरे देण्याची विनंती मानसोपचारतज्ज्ञांना केली असती.

इथे एक बाब सांगितली पाहिजे, कारण बऱ्याचदा तिचा दोष नव्या गोळीवर जातो. नैराश्यात भूक मेली की पालेभाज्या पानातून जातात. मेथी, पालक, चाकवत यांतून मिळणारे व्हिटॅमिन के (ॲसिट्रॉम याच्याच विरोधात काम करते) कमी झाले की तोच ॲसिट्रॉमचा डोस जास्त पडू लागतो. चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या रुग्णाचा आयएनआर नैराश्याची गोळी सुरू होण्याआधीच चारच्या पुढे गेलेला मी पाहिला आहे. पुढे उलटेही घडते: औषध लागू पडते, माणूस जेवू लागतो, सून प्रेमाने रोज पालेभाजी वाढते आणि आयएनआर खाली येतो. हा दुसरा टप्पा झडपेच्या दृष्टीने अधिक धोक्याचा असूनही तेव्हा घरात आनंदाचे वातावरण असल्यामुळे तपासणी लांबणीवर पडते. पालेभाजी बंद करू नका. आठवड्यात जेवढी खाता तेवढीच, साधारण सारखी, खात राहा. श्रावणातले उपवास धरायचे असतील तर आधी विचारा.

वहीबद्दलही सांगते. नुसता आकडा आणि तारीख लिहिलेली वही फार उपयोगाची नसते. माझ्या रुग्णांच्या वहीत मी चार रकाने करून घेते: तारीख, आयएनआर, ॲसिट्रॉमचा डोस, आणि ‘मधल्या काळात काय झाले’. ‘सोम-बुध-शुक्र २, बाकी दिवस ३’ असा डोस असेल तर तो तसाच लिहायचा, ‘नेहमीप्रमाणे’ असे लिहायचे नाही. चौथ्या रकान्यात ‘जुलाब, तीन दिवस गोळी’ किंवा ‘दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक’ असे दोन शब्द सापडले की वर गेलेल्या आकड्याचे कोडे बहुधा तिथेच सुटते. जुलाबासाठी सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडाझोल आयएनआर जेवढा वर नेते, तेवढा एस्सिटालोप्राम नेत नाही. पण नैराश्याच्या गोळीला घाबरणारे घर मेट्रोनिडाझोल न विचारता देते, याचे मला दर वेळी नवल वाटते.

आता ती गुडघ्याची गोळी. मेडिकलमध्ये ‘दुखण्याची गोळी’ म्हणून हातात पडते ती बहुधा डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲसेक्लोफेनॅक असते. कधी ती एकटी, कधी पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत. ही औषधे जठराच्या आतल्या अस्तराचे संरक्षण कमी करतात आणि प्लेटलेटनाही अडवतात. १९९९ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एकट्या एसएसआरआयने जठरातील रक्तस्रावाचा धोका सुमारे तिप्पट होतो, पण जोडीला अशी वेदनाशामके असतील तर तो सुमारे पंधरापट होतो. तो अभ्यास ॲसिट्रॉमसारखी गोळी घेणाऱ्यांचा नव्हता. तुमच्या आईंकडे ॲसिट्रॉम आहे, इकोस्प्रिन आहे आणि आता एस्सिटालोप्राम येणार आहे. त्यात ही चौथी गोळी बसूच शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी ज्यांना पोटातला रक्तस्राव झालेला असतो, त्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा अशी एखादी पट्टी सापडतेच, आणि ‘ती तर साधी अंगदुखीची’ म्हणून कुणी तिचा उल्लेखच केलेला नसतो.

गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल चालते, तेही दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आणि थोडे दिवस; रोज, सलग घेतल्यास तेही आयएनआर वाढवते. ट्रॅमाडॉल असलेली गोळी नको, कारण ती एस्सिटालोप्रामबरोबर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढवू शकते आणि आयएनआरही हलवते. शेक, फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले मांडीचे व्यायाम आणि खाली बसण्याऐवजी खुर्ची यांनी जेवढा आराम पडेल तेवढा आधी घ्यावा. कर्क्युमिन किंवा लसणाच्या कॅप्सूल ‘नैसर्गिक’ म्हणून सुरू करू नका. भाजीतली हळद आणि फोडणीतला लसूण यांना काही हरकत नाही.

इकोस्प्रिनबद्दल तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचारा की ती अजून आवश्यक आहे का. झडप बदललेल्या प्रत्येकाला ती ॲसिट्रॉमच्या जोडीला हवीच असे आता मानले जात नाही. स्टेंट किंवा पूर्वी झालेला हृदयविकाराचा झटका असेल तर गोष्ट वेगळी. ती काढता आली, तर एस्सिटालोप्राममुळे वाढणारा धोका बऱ्याच अंशी भरून निघेल. काढता येत नसेल, तर जठराच्या संरक्षणासाठी पॅन्टोप्राझोल सुरू करण्याविषयी विचारा. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल मी या ठिकाणी टाळते, कारण ती रक्तातील एस्सिटालोप्रामची पातळी वाढवतात. ज्यांना इकोस्प्रिनऐवजी क्लोपिडोग्रेल आहे त्यांच्यासाठी तर ती दोन्ही अधिकच गैरसोयीची, कारण त्यांच्यामुळे क्लोपिडोग्रेलचा प्रभाव कमी होतो.

‘आयएनआर काढावा न लागणाऱ्या नव्या गोळ्या का नाही?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. अनियमित ठोक्यांसाठी अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगॅट्रान ही औषधे उत्तम आहेत, पण धातूच्या झडपेसाठी नाहीत. डॅबिगॅट्रानचा तसा प्रयोग झाला होता. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे तो मध्येच थांबवावा लागला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तुमच्या आईंसाठी ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन हाच मार्ग आहे.

नैराश्याच्या गोळीला पर्याय आहेत, पण प्रत्येकाची काही किंमत आहे. मिर्टाझापिन प्लेटलेटवरचे ते दार बंद करत नाही, झोप आणि भूक वाढवते. ज्या रुग्णाला पूर्वी पोटातला रक्तस्राव झाला आहे, त्याच्यासाठी मी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलताना हे नाव आधी काढते. आयएनआर त्यानेही किंचित वाढू शकतो. ॲमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, त्यामुळे झडपेच्या रुग्णात मला ती नको वाटतात. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन प्लेटलेटच्या बाबतीत एसएसआरआयसारखीच समजावीत. नैराश्य सौम्य असेल तर समुपदेशनाने सुरुवात करून गोळी लांबवता येते. पण तुम्ही वर्णन केलेली अवस्था, म्हणजे महिनोन्‌महिने न खाणे, न झोपणे, न बोलणे, ही नुसत्या दुःखापलीकडे गेलेली दिसते आणि समोर बसून तपासलेल्या डॉक्टरांचे मत इथे माझ्यापेक्षा वजनदार आहे.

एस्सिटालोप्रामविषयी वयामुळे दोन सूचना. ६५ वर्षांवरच्या रुग्णात ते दिवसाला १० मि.ग्रॅ.च्या पुढे नेत नाहीत. शिवाय या वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, रक्तातील सोडियम उतरू शकते. झडपेच्या अनेक रुग्णांना अशी गोळी असते. सोडियम उतरले की सुस्ती येते, तोल जातो, आणि ॲसिट्रॉम घेणारी व्यक्ती डोक्यावर पडली तर काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको. म्हणून दुसऱ्या आठवड्यात आयएनआरसोबत सोडियमही तपासावे. रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा असू द्या. डोक्याला मार लागला, तर ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी सीटी स्कॅन करून घ्या.

ताबडतोब दवाखाना गाठण्याची इतर कारणे म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, लालसर लघवी, पंधरा मिनिटे दाबून धरूनही न थांबणारे नाकातले रक्त, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच काळी होतेच, त्यामुळे त्या घेत असल्याचे डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी सांगते. नैराश्यातील व्यक्तीच्या हाताशी ॲसिट्रॉमचा दोन-तीन महिन्यांचा साठा ठेवू नये. गोळ्या सुनेकडे किंवा मुलाकडे ठेवाव्यात आणि रोजच्या रोज द्याव्यात. चुकून दोनदा घेण्याचा प्रकारही त्याने टळतो. आई ‘आता जगून काय करायचे’ अशा अर्थाचे काही बोलत असतील, तर ते मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवावे.

तुमच्यापुरते क्रमाने सांगायचे तर: दुखण्याची गोळी आजच बंद, उद्या आयएनआर, हिमोग्लोबिन आणि सोडियम, ते अहवाल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे, आणि त्यांच्या होकारानंतर एस्सिटालोप्राम सुरू. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर दुसऱ्याने दिलेली औषधे लिहून घ्या, कारण ते एकमेकांशी बोलतील असे गृहीत धरता येत नाही.

गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी सोडू नका. बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते, आणि बंद करताना मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते, नाहीतर चक्कर, बेचैनी आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. डोस कमी करू लागल्यावर आठवड्याने आणि गोळी पूर्ण थांबल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा आयएनआर काढा आणि वहीच्या चौथ्या रकान्यात तसे लिहून ठेवा.